आंबील प्यालेली चांदणी

हुरडा भाजल्याचा वास आला की मला समुद्र आठवतो. असं बोललं की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि नातसून माझ्या हातातली वाटी हळूच काढून घेते. म्हातारीचं डोकं भरकटलं, असा तिचा चेहरा. माझं डोकं चांगलं ठिकाणावर आहे. परवा तिनं परभणीच्या बाजारातून पिशवीभर हुरडा आणला, गॅसवर तव्यात परतला आणि त्यालाच भाजणं म्हणाली. राखेत न लोळलेला हुरडा तो काय हुरडा! पण तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या वासानंही मला उचललं आणि सोनपेठच्या शिवारात, आमच्या आखाड्यावर नेऊन बसवलं.

आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातलं बिऱ्हाड. बैल बांधायची जागा, कडब्याची गंजी, आणि अवजारं ठेवायला मातीची एक खोली. त्या खोलीत एका हिवाळ्यात समुद्राच्या तळाशी राहणारा एक जीव मुक्कामाला होता. निजामाचं राज्य होतं, जगात लढाई चालू होती, रॉकेल मिळायची मारामार होती. मी लग्न होऊन त्या घरात नुकतीच आले होते, आणि अंगानं इतकी लहान होते की विहिरीवर गेले की बाया विचारायच्या, "कुणाचं लेकरू गं ह्ये?" मला त्याचा भयंकर राग यायचा. घागर डोक्यावर घेऊन मी मुद्दाम ताठ चालायची.

हे, म्हणजे माझे यजमान, हैदराबादला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. नोकरी कच्ची. दिवाळीनंतर त्यांना मुदतीचा ताप आला. उठले तेव्हा चालायला भिंतीचा आधार लागत होता, म्हणून प्रोफेसर साहेबांनी लांब सुट्टी दिली आणि सुट्टीत करायला कामही दिलं. शालीत गुंडाळलेली काचेची बरणी मांडीवर धरून हे गंगाखेडला रेल्वेतून उतरले आणि तिथून बैलगाडीनं घरी आले. बरणीत दोन तारामासे होते. कुठल्याशा जहाजानं फार वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाचा गाळ उपसला होता, त्यात सापडलेले. तसे ते दोनच होते, आणि त्यांचं वर्णन लिहून चित्रं काढायची, हेच ते काम.

घर शिवभक्तांचं. ज्याच्या त्याच्या गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. मांस नाही, मद्य नाही. आणि ह्यांच्या बरणीत दोन्ही एकदम! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"काय हाय त्यात?"

"समुद्रातली चांदणी हाय, माय."

"आन् पाणी?"

ह्यांना खोटं बोलता येत नसे. संसारात त्याचा फार त्रास होतो. म्हणाले, "पाणी न्हाई ते. दारूचा अर्क हाय. त्यात ठिवलं की सडत न्हाई."

आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. "उंबऱ्याच्या आत न्हाई येणार ती. आखाड्यावर ठिव. तुलाबी तिथंच बसायचं तर बस." मग लेकाचं वाळलेलं तोंड बघून जरा नरमल्या. "दुपारची भाकर ह्ये लेकरू घिऊन येईल."

लेकरू म्हणजे मी.

असं ते काम आखाड्यावर सुरू झालं, आणि भाकरी घेऊन जाणारी मी दिवस मावळेपर्यंत तिथंच राहू लागले. माझे वडील परभणीला शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. दौत आणि टाक माझ्या हाताला लहानपणापासून ओळखीचे. ह्यांचा हात तापानं थरथरत होता, तेव्हा चित्रं मी काढायची हे न ठरवताच ठरलं. सावली रेघेनं दाखवायची नाही, ठिपक्यांनी दाखवायची, एवढंच त्यांनी शिकवलं. बाकी डोळे माझे आणि भिंग त्यांचं.

काय सुंदर होती ती चांदणी! तळहातात मावेल एवढी, रंग भिजवलेल्या कणकेसारखा. कडेनं मात्र गुळगुळीत चकत्यांची ओळ, चिनी मातीच्या बशीची चकाकी असलेली. पाठीवर मधोमध एक बारीक शंकू वर आलेला. पोटाकडच्या खाचांतून नळीसारखे पाय, टोकाला अणकुचीदार. उथळ पाण्यातल्या तारामाशांच्या पायांना चिकटायला चकती असते, हिला नव्हती. हे म्हणायचे, चिखलात राहणाऱ्याला चिकटायचं कशाला? ही चिखलातच राहते, चिखलच खाते. पोटात गच्च गाळ भरून घेते, त्यात मिळेल तेवढं पचवते.

"माती खाती?" मी विचारलं.

"निस्ती माती."

मी टाक दौतीत बुडवून कागदावर वाकले. कारण त्या दिवसांत मीही माती खात होते. खोलीच्या कोपऱ्यात धान्याची मोठी कणगी होती, मातीनं लिंपलेली. हे भिंगात डोळा घालून बसले की मी लिंपणाचा एक खपला काढून जिभेवर ठेवायची. पहिल्या पावसाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा ती चव घेऊन बघावी. मला दिवस गेले असावेत असं वाटत होतं, पण सांगितलं कुणालाच नव्हतं. सगळ्या गावाला जी लेकरू वाटते तिनं कुठल्या तोंडानं सांगायचं? आत्याबाईंनी एकदा कणगीला पडलेले पोपडे बघितले, तेव्हा मी उंदरावर ढकललं.

वर्णन करणं हे किती वेगळं काम आहे, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. आपण माणसाचं वर्णन करतो ते आवडलं-नावडलं यातच संपतं. ह्यांचं तसं नव्हतं. चांदणीच्या मध्यापासून तिच्या हाताच्या टोकापर्यंत एक माप. मध्यापासून काखेपर्यंत दुसरं. दोन हात जिथं जुळतात त्या बेचक्याला आम्ही काखच म्हणत होतो. मोठं माप लहान मापाच्या किती पट, त्यावरून अंगाची ठेवण कळते. मग काय आहे ते लिहायचं, आणि काय नाही तेही लिहायचं. जे नाही ते लिहायला जास्त धीर लागतो. शास्त्र हे उर्दूतून शिकले होते, लिहायचं होतं इंग्रजीत, आणि माझ्याशी भांडायचं मराठीत. तीन भाषांत मिळून ती चांदणी हळूहळू कागदावर उतरत होती, आणि गंमत म्हणजे आम्ही दोघांनीही समुद्र कधी पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे आमची गोदावरी, तीही हिवाळ्यात गुडघ्याएवढी.

पण अडलं होतं ते एका चाळणीपाशी. चांदणीच्या काखेत, कडेच्या चकत्यांमध्ये बारीक बारीक खाचांचा एक उभा पट्टा असतो, त्याला आम्ही चाळणी म्हणायचो. तिच्यातून पाणी गाळून अंगात येतं म्हणे. माहीत असलेल्या जातीला दर काखेत बऱ्याच चाळण्या. आमच्या दोन्ही चांदण्यांना दर काखेत एकेकच. प्रोफेसर साहेबांचं म्हणणं सरळ होतं: ही नवी जात नव्हे, त्याच जातीचं पिल्लू आहे, वय वाढेल तशा चाळण्या वाढतात. पिल्लू म्हणून लिहा आणि मोकळे व्हा. ह्यांचं मन ते घेत नव्हतं. ही पूर्ण वाढलेली आहे, एवढीच असते, आणि म्हणून नवी आहे, असं ह्यांना वाटत होतं. वाटण्याला शास्त्रात कोण विचारतं? एकच पुरावा होता. पोटात पिकलेली अंडी दिसली तर ती पिल्लू नाही. आणि त्यासाठी कापावं लागणार होतं. साहेबांनी बजावलं होतं, दोनच आहेत, कापायची नाही. नमुना बिघडला तर परत यायची तसदी घेऊ नका. साहेब हसत बोलले होते. हसत बोललेलंच जास्त लक्षात राहतं.

म्हणून हे रोज नवी जात म्हणून चार ओळी लिहायचे आणि रोज त्या खोडायचे. मला त्या खोडाखोडीचा संताप यायचा. आजही मला अर्धवट बोलणारी माणसं चालत नाहीत.

मधेच एकदा आबकारीचा शिपाई आला. आखाड्यावर दारू ठेवली आहे असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं. बरणी उचलून उजेडात धरली, आणि बिचारा गोंधळला.

"ये क्या जी? मछली?"

"मछली नक्को बोलो," हे म्हणाले, "मछली नहीं है."

"फिर दारू है क्या दवा है?"

"नमूना है. इल्म की चीज है."

शिपायानं झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं. "कौन पिएगा जी इसकू," असं म्हणून हुरड्याची चार कणसं खाऊन निघून गेला. हे बराच वेळ हसत होते. त्यालाही शेवटी वर्गीकरणच करायचं होतं, आणि त्याचं आमच्याआधी झालं.

चित्र काढताना मला एक गोष्ट खटकत होती. ठिपक्यांची सावली देताना नजर फार जवळ जाते, माणूस भिंतीवरचा ओलावा बघतो तसं. दोघींतल्या थोरल्या चांदणीच्या काखांपाशी पाठ किंचित वर आलेली होती. प्रत्येक काखेत, दोन्ही बाजूंना. मी तिथं सावली गडद केली की हे म्हणायचे, एवढी नको, पोटातल्या गाळानं फुगलंय ते. मी पुसायची नाही. गाळ पोटात असतो आणि पोट मधोमध असतं, एवढं मलाही कळत होतं. मधे तर सपाट होती.

"तुमी मधी बघा आन् मग काखेत बघा," मी म्हणायची.

"बघितलंय गं."

"मग लिवा की."

"लिवलं आन् चुकलं तर?"

यापुढं आमचं बोलणं जात नसे. बाहेर गोफणीचा फटका वाजायचा, पाखरांचा थवा उठायचा, ज्वारीवरून वारा सळसळत जायचा. कणसं दुधात होती. आणखी थोड्या दिवसांनी तेच दूध दाणा होणार होतं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या बाजूला त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोपी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, तेच पांडव. तुरी-वालाच्या दाण्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मडकं भरून आंबील: ताकात ज्वारीचं पीठ कालवून चांगली आंबवलेली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आंबील शिंपत शेताला फेरी घालायचे. त्या दिवशी शेतातला कुठलाच जीव उपाशी ठेवायचा नाही, बैल नाही, कुत्रं नाही, मुंगीसुद्धा नाही. आत्याबाई हा नेम अगदी मनापासून पाळायच्या. तांब्या घेऊन त्या बांधाबांधानं हिंडत होत्या.

आम्ही सकाळी काम मांडून बसलो होतो. थोरली चांदणी चित्रासाठी बाहेर काढून पितळी परातीत, थोड्या अर्कात ठेवलेली. पूजेची हाक आली, तशी मी तिच्यावर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही खोपीकडे गेलो. पूजा झाली, पंगत झाली, पोटभर जेवण झालं. हे त्या दिवशी तापानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

परत आलो तर फडकं बाजूला, आणि परात पांढऱ्या आंबिलीनं भरलेली. तिच्या खाली आमची चांदणी.

ह्यांनी दोन्ही हातांनी ती उचलली. कडेच्या चकत्यांची ती बशीसारखी चकाकी गेली होती. आंबील आंबट, आणि चांदणीचं हाड म्हणजे चुना. आंबटात चुना विरायला लागतो. बोटाला पीठ लागावं तसं काहीतरी ह्यांच्या बोटांना लागलं.

"माय!" एवढ्या मोठ्यानं ओरडलेलं मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "काय केलंस गं ह्ये!"

आत्याबाई धावत आल्या. रिकामा तांब्या हातातच होता. "काय झालं? वरूनच वतली बाबा, हात न्हाई लावला मी. पाण्यातला जीव, कोरडा पडलेला. आजच्या दिशी शेतातला जीव उपाशी ठिवायचा का?"

"मेलेली हाय गं ती! किती सालाखाली मेलेली हाय!"

"मग मेलेलीला इतकं जपायलास कशाला?" आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही तिला धुतलं, नव्या अर्कात ठेवलं. हे कणगीला टेकून खाली बसले. संपलं, म्हणाले. साहेबांना काय तोंड दाखवू, म्हणाले. नोकरी गेली, हे त्यांनी म्हटलं नाही, पण ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, माझ्या अंगात एक प्रकारचं बळ आलं. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. आता भ्यायचं कशाला?

"कापा," मी म्हटलं.

"काय?"

"बिघडलीच हाय तर कापा. धाकटी हाय की चांगली, ती तशीच ऱ्हाऊ द्या. हिला कापा, काखेत. गाळ निघाला तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

हे उठले. दाराशी उजेडात पाट मांडला, चिमटा घेतला, बारीक कात्री घेतली. इतके दिवस थरथरणारा हात त्या दिवशी थरथरला नाही. माझ्या चित्रात जिथं सावली गडद होती, नेमकं तिथंच त्यांनी कात्री लावली. पाठीची कातडी अलगद उलटली. आत, मधल्या बाजूला, राखाडी गाळ; समुद्राच्या तळाचा, हजारो वर्षांचा म्हणे. आणि गाळाच्या बाजूला, काखेत, खसखशीच्या दाण्यांसारखा पिवळट झुबका. हे भिंग घेऊन वाकले ते वर येईनात. वर आले तेव्हा डोळे भरले होते.

"अंडी हायती," म्हणाले. "पिकलेली. बघ, बघ तू."

मी बघितलं. गोल, टपोरी, एकमेकांना खेटून बसलेली. ज्या समुद्रात उजेड कधी पोचला नाही तिथल्या एका आईला मी सोनपेठच्या उन्हात बघत होते. मी हसले, रडले, आणि मग ठणकावून सांगितलं की बघा, पुसली नाही सावली मी.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं चांगलंच झालं. माघात हे हैदराबादला परत गेले. साहेबांनी स्वतः भिंगातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि नवी जात म्हणून मान्य केलं. रागावले नाहीत. आंबिलीची हकीगत त्यांना दोनदा सांगावी लागली म्हणे. वर्णन छापून आलं, त्यात माझं चित्रही होतं. चांदणीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ह्यांनी लॅटिनमधला एक शब्द निवडला, त्याचा अर्थ 'शेतातली'. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या जीवाला हे नाव का, हे कोडं त्या विषयातल्या लोकांना आजही पडत असेल. ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांच्यातली मीच आता उरले आहे. नंतर कधीतरी मी समुद्रही पाहिला, पायही भिजवले. लोक लाटा बघत होते. मला त्या वरवरच्या वाटल्या. माझी ओळख तळाशी होती.

पण नातसुनेच्या त्या तव्यावरच्या हुरड्यानं मला आणून सोडलं ते छापलेल्या कागदापाशी नाही. त्या येळवशीच्या कलत्या दुपारी. पाटावर उघडलेली चांदणी, शेजारी आम्ही दोघं, आणि दारात आत्याबाई. त्या गेल्याच नव्हत्या. आपल्या हातून काय झालं ते न कळता तांब्या धरून तशाच उभ्या होत्या.

"काय निघालं रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंडी निघाली, माय. लेकरू न्हाई ती. पुरती बाई हाय."

"मंजी गरवार?"

"तसंच म्हण."

आत्याबाईंनी चांदणीकडे बघितलं. पहिल्यांदाच नाकाला पदर न लावता. मग त्यांची नजर कणगीकडे गेली, लिंपण निघालेल्या जागेकडे, आणि तिथून माझ्याकडे.

"उंदीर इतक्या उंचावरचं खात नसतोय गं," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. ह्यांना काहीच कळलं नाही. ते पुन्हा भिंगात शिरले होते.

"उचल ती बरणी," आत्याबाई म्हणाल्या. "गरवार बाईला कुणी आखाड्यावर ठिवत असतंय का? देवाच्या खोलीत न्हाई, वसरीच्या फळीवर ठिवू. चला. दोघीबी घरी चला."

चांदणीला परत बरणीत ठेवून मी बरणी पदराखाली घेतली. घरी पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. आत्याबाईंनी आम्हाला दाराबाहेर थांबवलं, आतून भाकरतुकडा आणला, आमच्या दोघींवरून ओवाळून टाकला, आणि मग उंबरा ओलांडू दिला.